संभाजीनगरला येताय? मग आधी वार बघा

नोकरीनिमित्त छत्रपती संभाजीनगरला येऊन मला तीनच आठवडे झाले होते आणि पुण्याहून मामा, मामी आणि मामीची आई अशी मंडळी वेरूळ बघायला आली. मी मोठ्या तोऱ्यात गाडी ठरवली, सकाळी सातला सगळ्यांना गाडीत बसवलं आणि साडेआठच्या आत लेण्यांच्या फाटकासमोर हजर केलं. फाटक बंद. शेजारी पेरू कापत बसलेल्या मावशी मीठ-तिखट लावता लावता म्हणाल्या, "आज मंगळवार हाय ना दादा. मंगळवारी बंद असतंय." बाहेरून निदान कैलास मंदिर तरी दिसेल म्हणून मान उंच करून पाहिलं, तर पुढे दगडी भिंत आडवी. आजींनी मला काही म्हटलं नाही, पेरू खाल्ला. पण त्यानंतर घरात कुठलाही बेत ठरला की मामा अजून विचारतो, "वार बघितलास का?"

तेव्हापासून आल्यागेल्या पाहुण्यांना फिरवून फिरवून एक क्रम बसला आहे. पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी तोच इथे लिहितो.

१. वार बघून दिवस लावा

वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी बंद. देवगिरी (म्हणजे दौलताबादचा) किल्ला आणि बीबी का मकबरा यांना साप्ताहिक सुट्टी नाही, त्यामुळे अडलेल्या दिवशी ते कामाला येतात. एवढं लक्षात ठेवलं की बाकीचं आपोआप बसतं.

शनिवार ते सोमवार येणार असाल तर शनिवारी अजिंठा, रविवारी किल्ला आणि शहर, सोमवारी वेरूळ. रविवार ते मंगळवार असेल तर रविवारी अजिंठा, सोमवारी वेरूळ, मंगळवारी किल्ला. दोनच दिवस असतील तर अजिंठ्याला एक आणि वेरूळला एक द्या, किल्ला पुढच्या वेळी. (यावर माझ्या गडप्रेमी मित्रांशी माझी भांडणं झालेली आहेत.)

श्रावणातला सोमवार मात्र टाळा. वेरूळलाच घृष्णेश्वर आहे, बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक, आणि त्या दिवशी रस्ता गाड्यांनी भरलेला असतो. तसंच श्रावणातल्या शनिवारी आणि हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री शहरातून खुलताबादच्या भद्रा मारुतीला चालत जाणाऱ्यांची रीघ लागते. मारुती निद्रिस्त अवस्थेतला आहे, दर्शन घ्याच, पण या दिवशी गाडीने त्या रस्त्याला जाऊ नका.

ऋतूचं म्हणाल तर जुलै ते फेब्रुवारी. पावसाळ्यात अजिंठ्याचा धबधबा आणि वेरूळचा हिरवा डोंगर बघण्यासारखा असतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि देवगिरीचा दगड चुलीवरच्या तव्यासारखा तापतो. शाळेच्या सुट्टीमुळे नाइलाज असेल तर सकाळी लवकर निघा आणि अकराच्या आत उन्हातलं काम उरका.

२. बरोबर काय घ्यायचं

• आधार कार्ड किंवा दुसरं ओळखपत्र, प्रत्येकाचं. हॉटेलात लागतं आणि एसटीत सवलतीसाठीही लागतं.
• परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांचं ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते), मूळ. अजिंठा आणि वेरूळ या पुरातत्त्व खात्याच्या स्थळांवर भारतीयांना तिकीट ४० रुपये आणि परदेशी नागरिकांना ६०० रुपये आहे. ओसीआय असेल तर भारतीय दर लागतो, पण कार्ड हॉटेलच्या कपाटात राहिलं असेल तर खिडकीवर वाद घालून उपयोग नाही. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही.
• फोनवर यूपीआय आणि खिशात थोडे सुटे पैसे, दोन्ही. दरीत आणि घाटात रेंज जाते, आणि नेमकी तिकिटाच्या खिडकीपाशी जाते.
• छोटी बॅटरी. मोबाइलची चालते, पण देवगिरीच्या अंधारीत (डोंगरातल्या काळोख्या जिन्यात) एका हाताने कठडा आणि दुसऱ्या हाताने लेकरू धरलं की मोबाइल कुठे धरणार?
• पटकन काढता-घालता येणारी चप्पल किंवा बूट आणि एक जोडी मोजे. अजिंठ्यात चित्रांच्या लेण्यांत पादत्राणं बाहेर काढावी लागतात. दहा वेळा नाडी सोडा-बांधा करण्यात अर्धा तास जातो.
• पाणी, माणशी दोन लिटर. खाणं पिशवीत आत ठेवा, हातात नको. माकडं तिन्ही ठिकाणी आहेत आणि त्यांना वेफर्सच्या पुडीचा आवाज कळतो.

३. गाडी ठरवताना

स्टेशनवर उतरलात की "एका दिवसात सहा पॉइंट" अशी ऑफर येते: किल्ला, खुलताबाद, घृष्णेश्वर, वेरूळ, पाणचक्की, मकबरा. घेऊ नका. वेरूळला त्यात जेमतेम दीड तास मिळतो, तोही भर दुपारी. एका सहकाऱ्याचे आईवडील असे जाऊन आले. कैलास कसा वाटला विचारलं तर म्हणाले, "हत्ती बघितला एक." तो हत्ती अंगणातला आहे, मंदिर त्याच्या मागे.

टॅक्सी ठरवताना चार गोष्टी आधी बोलून घ्या: किती किलोमीटरपर्यंत, पार्किंग आणि टोल कुणाचा, ड्रायव्हरचा भत्ता धरलाय का, आणि दुकानात थांबायचं नाही. चौथी गोष्ट विसरलात तर काय होतं ते खरेदीच्या भागात सांगतो.

एसटीने सगळं जमतं. मध्यवर्ती बसस्थानकावरून दौलताबाद सुमारे १५ किलोमीटर, वेरूळ सुमारे ३०, अजिंठा सुमारे १००. अजिंठ्यासाठी सिल्लोडमार्गे जळगावकडे जाणारी गाडी पकडा आणि कंडक्टरला "फर्दापूर, लेणी टी-पॉइंट" असं स्पष्ट सांगा. नुसतं "अजिंठा" म्हणालात तर अजिंठा गावात उतराल. लेणी तिथून पुढे घाट उतरून आहेत. महिलांना एसटीत निम्मं भाडं आणि ७५ वर्षांवरच्यांना मोफत प्रवास आहे, तेव्हा आजी-आजोबा आणि मुलीबाळींचा गोतावळा असेल तर टॅक्सीपेक्षा हिशेब फार वेगळा होतो.

मुंबईकडे किंवा खानदेशात परतायचं असेल तर अजिंठा शेवटच्या दिवशी ठेवा आणि तिथून सरळ जळगावला जा. जेमतेम ६० किलोमीटर. शहरात परत येण्याचा हेलपाटा वाचतो. हे मला फार उशिरा सुचलं.

४. देवगिरी सकाळी, शहर संध्याकाळी

किल्ल्यावर आठपर्यंत पोहोचा. यादवांची राजधानी ती हीच. इथला रामदेवराव म्हणजे ज्ञानेश्वरीच्या शेवटी ज्याचा उल्लेख येतो तो श्रीरामचंद्र. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी इथे येऊन थडकला. वेढ्यात धान्य समजून साठवलेली पोती उघडली तर मीठ निघालं, ही गोष्ट कुठलाही गाइड सांगेलच. १३२७ च्या सुमारास मुहंमद तुघलकाने राजधानी दिल्लीहून इथे हलवली आणि दौलताबाद हे नाव रूढ केलं. पुढे एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी याच गडाचे किल्लेदार होते. वारकरी घरातले पाहुणे असतील तर हे आधी सांगा, चढताना त्यांचे पाय हलके होतात.

वर जायला साडेसातशेच्या आसपास पायऱ्या आहेत. पण किल्ला दोन तुकड्यांत बघता येतो, हे फारसं कुणी सांगत नाही. खंदकापर्यंतचा भाग जवळजवळ सपाट आहे: दरवाज्यांची रांग, हत्ती हौद, जुन्या खांबांच्या भल्यामोठ्या मंडपातलं भारतमाता मंदिर, चांद मिनार, चिनी महाल. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान तानाशाह याच चिनी महालात कैदेत होता. गुडघे दुखणाऱ्यांना इथपर्यंत आणा आणि सावलीत बसवा. त्यांचाही किल्ला बघून झाला असं समजा, कारण बघण्यासारखं पुष्कळ इथेच आहे. मेंढा तोफही बघा, तिच्या मागच्या टोकाला मेंढ्याचं तोंड आहे.

खंदकाच्या पुढे अंधारी सुरू होते. डोंगराच्या पोटात कोरलेला वळणावळणाचा जिना, शत्रूची दिशाभूल करायला केलेला. वटवाघळांचा वास आधी येतो, काळोख नंतर. पायऱ्यांच्या उंचीत कुठेही सारखेपणा नाही आणि काही ओल्या असतात. ज्यांना बंद जागेत गुदमरतं त्यांना आग्रह करू नका. अंधारीतून बाहेर पडलं की बारादरीपर्यंत उघड्यावरची चढण आहे. तिथे वारा असतो.

अकरापर्यंत खाली या, जेवा, हॉटेलवर दोन तास झोपा. चारनंतर शहर. पाणचक्कीत अर्धा तास पुरे: लांबच्या डोंगरातल्या झऱ्याचं पाणी खापरी नळांतून आणून त्यावर जातं फिरवलं जायचं, हे कळलं की जागेची मजा येते. हे शहरच मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी या नावाने वसवलं आणि त्याच्या नहरींवर ते पुढे वाढलं. त्याच्या काळातला भडकल दरवाजा जवळच आहे, रिक्षातून दिसतो.

बीबी का मकबरा उन्हं कलल्यावर बघा. औरंगजेबाची बेगम दिलरास बानो हिची ही कबर. तिचा मुलगा आझमशहा याने बांधवली. "ताजमहालाची स्वस्त नक्कल" म्हणून नाक मुरडायची पद्धत आहे. मला ती पटत नाही. भिंतीपाशी जाऊन संगमरवर कुठे संपतो आणि चुन्याचा गिलावा कुठे सुरू होतो ती रेषा शोधा. खालच्या पट्ट्याला दगड, वर घुमटाला दगड, आणि मधला सगळा भाग गुळगुळीत घोटलेला चुना. त्या चुन्यावरचं नक्षीकाम दगडाला लाजवणारं आहे, आणि सोनेरी उन्हात फरक डोळ्याला कळतही नाही.

वेळ उरला तर मकबऱ्याच्या मागच्या डोंगरात शहराची स्वतःची बौद्ध लेणी आहेत. क्रमांक ३ मधले गुडघे टेकून बसलेले पुरुषभर उंचीचे भक्त आणि क्रमांक ७ मधली नर्तिका, तिच्याभोवती वाद्यं वाजवणाऱ्या बायका. इथे गर्दी नसते. रिक्षा थांबवून ठेवा, परतीला मिळत नाही.

५. वेरूळ: दुपारचं ऊन हेच तिकीट

एकूण ३४ लेणी. १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. सगळी बघायचा हट्ट धरू नका. पहिल्यांदा येणाऱ्याला मी पाच सांगतो: १०, १२, १६, २९, ३२.

डोंगराचं तोंड पश्चिमेला आहे, त्यामुळे सकाळी बहुतेक लेणी सावलीत असतात आणि दुपारनंतर ऊन थेट आत शिरतं. म्हणून सकाळी आधी घृष्णेश्वर करा. आजचं मंदिर अहिल्याबाई होळकरांच्या काळातलं, लालसर दगडाचं. गाभाऱ्यात जाताना पुरुषांना सदरा-बनियन काढावं लागतं, मोबाइल आत नेता येत नाही. फोन ठेवायला बाहेरच्या दुकानदाराकडे दिलात तर पावती किंवा टोकन घ्या. शिवरायांचे आजोबा मालोजीराजे भोसले वेरूळचेच. त्यांच्या गढीचे अवशेष गावात आहेत, बरेच जण मंदिर करून तसेच पुढे जातात.

मग जैन लेणी. ती उत्तर टोकाला आहेत, मुख्य लेण्यांपासून किलोमीटरभर तरी लांब. आवारातली बस मिळाली तर पाय वाचवा. क्रमांक ३२ ची इंद्रसभा, वरच्या मजल्यावर जा. आंब्याच्या झाडाखाली सिंहावर बसलेली अंबिका आणि तिच्यासमोर हत्तीवरचा यक्ष. या यक्षालाच लोक इंद्र समजले म्हणून नाव इंद्रसभा पडलं. छताकडे बघायला विसरू नका, कमळ आहे.

जेवण उरकून १० नंबरला या. सुतारांची झोपडी म्हणतात ती हीच. छताला दगडाच्या फासळ्या कोरल्या आहेत, लाकडी छताच्या वाशांसारख्या. १२ हे तीनताल, तीन मजली विहार. वरच्या मजल्यावर ओळीने बसलेले बुद्ध.

कैलास, म्हणजे १६ नंबर, शेवटी, तीनच्या पुढे. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला, आठवं शतक. कळसापासून सुरुवात करून खाली पायापर्यंत कोरत आणलेलं हे मंदिर, म्हणजे चूक झाली तर दुसरा दगड आणायची सोय नाही. उंची सुमारे ३० मीटर. आधी बाजूच्या डोंगरवाटेने वर चढून वरून बघा (वाट खुली असेल तर, आणि कठड्याच्या अलीकडूनच), मग आत शिरा. उलटं केलंत तर आत काय चाललंय ते समजत नाही. आत दक्षिणेच्या बाजूला कैलास हलवणारा रावण शोधा. डोंगर त्याच्या वीस हातांवर डळमळतोय, वर पार्वती शंकराला बिलगली आहे, एक दासी पळत सुटली आहे आणि शंकर नुसता पायाने दाबतोय. जवळच बाहेरच्या भिंतीवर रामायण पट्ट्यापट्ट्यांनी कोरलं आहे. मुलांना एक खेळ द्या: त्यात माकडं मोजा. तुम्हाला वीस मिनिटं निवांत मिळतील.

मंदिराला पूर्वी गिलावा आणि रंग होता, रंगमहाल असंही नाव होतं. छताच्या कोपऱ्यांत रंगाचे ठिपके अजून दिसतात.

गाइड घ्यावा का? इथे आणि अजिंठ्याला, हो, पण परवानाधारक. भाव आधी ठरवा आणि "आम्हाला फक्त पाचच लेणी, पण निवांत" असं सांगा.

६. अजिंठा: लवकर, आणि डोळ्यांना वेळ द्या

शहरातून सहाला निघा. रस्त्यात फुलंब्री किंवा सिल्लोडला चहा, आणि नऊला फाटक उघडताना तिथे. खासगी गाड्या टी-पॉइंटवरच थांबतात. तिथून सुमारे ४ किलोमीटर शटल बस आहे, तिचं तिकीट वेगळं, लेण्यांचं वेगळं. टी-पॉइंटवर एक जण हसतमुखाने तुमच्या हातात चकचकीत स्फटिक ठेवतो, "भेट आहे, घ्या". घेऊ नका. परतताना तो तुम्हाला नावाने हाक मारून दुकानात नेतो, आणि एकदा भेट घेतलेला माणूस नाही म्हणू शकत नाही. मी दोनदा नाही म्हणू शकलो नाही. दोन्ही दगड टीव्हीच्या बाजूला आहेत.

बस जिथे सोडते तिथून पायऱ्या लागतात. चढवत नसेल त्यांच्यासाठी डोलीवाले असतात, भाव आधी बोला. पुढची वाट वाघूर नदीच्या वळणाबरोबर नालेच्या आकारात जाते, ३० लेणी एका रांगेत.

गर्दी व्हायच्या आत सरळ १ नंबर. आत शिरल्यावर पहिली पाच मिनिटं काहीच बघू नका, उभे राहा. उजेडातून आलेल्या डोळ्यांना सगळं तपकिरी दिसतं आणि लोक "पुसट झालंय हो सगळं" म्हणत बाहेर पडतात. थांबलात तर हळूहळू भिंत उघडत जाते. गाभाऱ्याकडे तोंड केलं की डावीकडे बोधिसत्त्व पद्मपाणी: मान किंचित कललेली, पापण्या खाली, बोटांत निळं कमळ. यातला उंची निळा रंग लाजवर्दाचा, हा दगड अफगाणिस्तानातून यायचा. चित्रं शेणमाती-तुसाच्या गिलाव्यावर आहेत, म्हणून ओलावा, श्वास, बोटं सगळ्यांची त्यांना भीती. फ्लॅश बंद ठेवा. एका खांबाच्या माथ्यावर चार हरणं आणि त्यांचं एकच डोकं कोरलेलं आहे, झाकून झाकून बघा, चारही पूर्ण होतात.

२ मध्ये छत बघा. ९ आणि १० ही सगळ्यात जुनी, सातवाहनकाळातली. १० मध्येच जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने २८ एप्रिल १८१९ रोजी खांबावर नाव कोरलं. ते आज डोक्याच्या वर दिसतं, कारण तो उभा होता तेव्हा लेणं दगडमातीने भरलेलं होतं. १६ आणि १७ वाकाटककाळातली, जातककथांनी भरलेली. १७ ला सर्वांत जास्त वेळ ठेवा. आणि दमलात तरी २६ सोडू नका. डाव्या भिंतीला सुमारे ७ मीटर लांबीचा महापरिनिर्वाणातला बुद्ध पहुडला आहे. खाली शिष्य रडताहेत, वर आकाशात देव वाद्यं वाजवताहेत.

२४ अपुरं राहिलेलं आहे. कोरीव काम कसं करत ते तिथे कळतं, म्हणून मला आवडतं. पाहुण्यांना सहसा आवडत नाही.

७. खरेदी आणि पोटपूजा

दुकानात थांबायचं नाही असं ठरवलं नसेल तर गाडी "फक्त पाच मिनिटं" म्हणून हिमरू-पैठणीच्या दुकानापुढे उभी राहते. तिथल्या किमतीत ड्रायव्हरचं कमिशन मिसळलेलं असतं. एकदा मामीने अशाच एका ठिकाणी "हातमागाची" साडी घेतली आणि घरी पदर उलटा करून पाहिला तर मागे सुटे धागे जाळीसारखे लोंबत होते. हातमागाच्या खऱ्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखाच दिसतो. दुकानात संकोच न करता पदर उलटा करा. विणताना बघायचं असेल तर पैठण किंवा येवला गाठा.

खायला नान-कलिया, जुन्या शहरात. शाकाहारी मंडळींना गुलमंडीवर सोडा, त्यांची काळजी करायचं कारण नाही. पावसाळा संपता संपता दौलताबादच्या रस्त्यावर सीताफळांच्या पाट्या लागतात. पिकलेली तिथेच खा, कडक घरी न्या.

८. चौथा दिवस असेल तर

पैठण अर्ध्या दिवसाचं, सुमारे ५० किलोमीटर: नाथांची समाधी, त्यांचा वाडा, विणकर आणि जायकवाडीचा नाथसागर. हिवाळ्यात पक्ष्यांसाठी दुर्बीण घ्या. फाल्गुनातल्या नाथषष्ठीला दिंड्यांबरोबर यायचं असेल तर या, नुसतं बघायला नको.

लोणारला पूर्ण दिवस लागतो, दीडशे किलोमीटरच्या आसपास. उल्कापाताने बेसॉल्टमध्ये पडलेलं सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर, त्यात खारं पाणी, काठाशी जुनी देवळं. गावातलं दैत्यसूदन मंदिर आधी बघा, मग उन्हं उतरल्यावर विवराच्या कडेला जा. पहाटे पाचला निघालात तरच त्याच दिवशी परत याल, आणि डबा बरोबर घ्या.